एका मिलीत किती, हे आधी विचार

सिस्टरताई,

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. घर डिचोली तालुक्यात. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले, पाचवीपासून इंग्रजीत. आता आयव्ही, म्हणजे शिरेतून द्यायच्या डोसची गणितं आली आणि माझं अवसानच गळालं. चाचणीत नापास झाले. सूत्रं सगळी पाठ आहेत, पण कुठलं कुठे लावायचं ते कळत नाही. परवा वॉर्डात ५०० मिली सलाइन ६ तासांत द्यायचं होतं. स्टाफ नर्सनी विचारलं, "थेंब किती?" हेच गणित हॉस्टेलवर मला येत होतं, पण तिथे तोंडातून शब्द फुटेना. पेशंटच्या नातेवाइकांसमोर त्या म्हणाल्या, "असल्या मुली कुणाचा तरी जीव घेतील." तेव्हापासून वॉर्डात जायची धास्तीच बसली आहे. मैत्रिणी म्हणतात, मोबाइलवर अ‍ॅप आहे, आयसीयूत पंप आहेत, कशाला डोकं शिणवतेस? मला वाटतं, हे क्षेत्रच सोडावं. घरी अजून काही बोलले नाही. चुकलेलं डोपामीनचं गणित सोबत पाठवते आहे.
— एक विद्यार्थिनी

प्रिय बाय,

पत्र वाचून झाल्यावर मी सगळ्यात आधी तुझा डोपामीनचा कागद उघडला. तुझी अडचण नेमकी कुठे आहे ते पत्रापेक्षा त्या कागदावर जास्त स्पष्ट दिसतं. प्रश्न असा होता: पेशंटचं वजन ६० किलो, डोपामीन दर किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचं, २०० मिग्रॅ औषध ५० मिलीच्या सिरिंजमध्ये भरलेलं, तर सिरिंज पंप ताशी किती मिलीवर लावायचा? तू ५ ला ६० किलोने गुणलंस, मग ६० मिनिटांनी गुणलंस, १८,००० आले, त्याला ४ ने भागलंस आणि लिहिलंस ४,५०० मिली. गुणाकार बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम करायचे तेवढे राहिले, त्यामुळे उत्तर हजार पटींनी वाढलं. खरं उत्तर ताशी ४.५ मिली.

आता त्या ४,५०० कडे जरा बघ. साडेचार लिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या नऊ बाटल्या, एका तासात, आणि तेही जिच्यात ५० मिलीच मावतात अशा सिरिंजमधून. वॉर्डात तुला कुणी असं करायला सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे म्हणाली असतीस, असं कसं होईल? कागदावर मात्र तो आकडा तुझ्या डोळ्यांखालून निसटला, कारण सगळं लक्ष सूत्र बरोबर लावण्याकडे होतं. पाढे, भागाकार, दशांश यांत तू कुठेही कच्ची नाहीस. गणित सुरू झालं की सिरिंज, बाटली, पेशंट तुझ्या नजरेसमोरून जातात, एवढंच होतं आहे. ते परत नजरेसमोर आणायचे, आणि हे शिकता येतं.

तू विचारलंस, कुठलं सूत्र कुठे लावायचं? मी म्हणते, महिनाभर सूत्र हा शब्दच विसर. अँप्यूल (फोडायची काचेची कुपी) असो, व्हायल (रबरी बुचाची कुपी) असो, बाटली असो, हातात घेतली की एकच प्रश्न: हिच्या एका मिलीत किती औषध आहे? याचं उत्तर मिळाल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. उत्तर मिळालं की पुढचं गणित चौथीतल्या मुलाला येईल इतकं सोपं होतं. डोपामीनच्या गणितात २०० मिग्रॅ ५० मिलीत, म्हणजे एका मिलीत ४ मिग्रॅ, म्हणजेच ४,००० मायक्रोग्रॅम. हे एक वाक्य कागदाच्या माथ्यावर लिहिलं असतंस तर ४,५०० कधीच आले नसते.

अवघड आहे ते लेबल वाचणं, आणि नेमकं तेच नीट शिकवलं जात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. औषध कंपन्या ही माहिती चार-पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी छापतात. कधी टक्क्यांत असते. टक्का म्हणजे १०० मिलीत इतके ग्रॅम, म्हणून टक्क्याच्या आकड्यापुढे एक शून्य दिलं की एका मिलीतले मिलिग्रॅम मिळतात. लिग्नोकेन २ टक्के, म्हणजे मिलीत २० मिग्रॅ. मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्के, म्हणजे मिलीत ५०० मिग्रॅ. डेक्स्ट्रोज २५ टक्के, म्हणजे मिलीत २५० मिग्रॅ. कधी प्रमाण दिलेलं असतं: अ‍ॅड्रिनलिन एकास हजार, म्हणजे १,००० मिलीत १ ग्रॅम, अर्थात मिलीत १ मिग्रॅ. एकास दहा हजार असेल तर मिलीत ०.१ मिग्रॅ. हे दोन्ही एकच समजणं किती भयंकर आहे ते मी तुला वेगळं सांगायला नको.

हेपॅरिनची ५ मिलीची व्हायल घे. एकीवर मिलीला १,००० यूनिट असतात, दुसरीवर मिलीला ५,००० यूनिट. आकार तोच, मिली तेवढेच, आत औषध पाच पट. अमिकासिनच्या २ मिलीच्या व्हायलमध्ये कधी १०० मिग्रॅ असतात, कधी २५० मिग्रॅ, कधी ५००. तान्ह्या बाळाला ४५ मिग्रॅ द्यायचे आहेत असं धर. १०० वाल्या व्हायलमधून ०.९ मिली लागेल आणि ५०० वाल्यातून ०.१८ मिली. गणित पक्कं करून ०.९ मिली काढलंस आणि व्हायल मात्र ५०० ची निघाली, तर बाळाच्या शरीरात पाच पट औषध गेलं. म्हणून लेबल तीनदा वाचायचं: ट्रेमध्ये ठेवताना, औषध ओढताना आणि रिकामी व्हायल टाकताना. पावडरची व्हायल असेल तर सोबतच्या पत्रकात दोन गोष्टी शोधायच्या: पाणी किती घालायचं आणि विरघळल्यावर एकूण किती मिली होतं. पावडरही जागा घेते, त्यामुळे हे दोन आकडे नेहमी सारखे नसतात. मोठ्या माणसाला अख्खी व्हायल द्यायची असेल तर फरक पडत नाही. लहान मुलाला तिचा काही भागच द्यायचा असेल तर पडतो.

दुसरी सवय अंदाजाची. कागदावर आकडेमोड करण्याआधी मनात म्हणायचं, उत्तर साधारण कुठे येईल? अँप्यूलपेक्षा कमी, एक अँप्यूल, की जास्त? एका डोससाठी तीन-चार अँप्यूल फोडाव्या लागताहेत असं दिसलं की हात थांबला पाहिजे. काही औषधांत खरोखर तेवढ्या लागतात, पण थांबून विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मुलांच्या वॉर्डात तर हा अंदाज फार उपयोगी पडतो. पॅरासिटामॉलची १०० मिलीची बाटली घे. तिच्यात १ ग्रॅम, म्हणजे एका मिलीत १० मिग्रॅ. बारा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिग्रॅने १८० मिग्रॅ द्यायचे, म्हणजे १८ मिली. मिग्रॅ आणि मिली यांची गल्लत झाली तर १८० मिली, थेट दहा पट. जगभर या औषधाबाबत दहा पटींची ही नेमकी चूक पुन्हा पुन्हा झाली आहे, म्हणून औषध नियंत्रकांनी तिच्याबद्दल मुद्दाम इशारे दिले आहेत. ज्या मुलीने आधी "बारा किलोचं मूल, पाव बाटलीपेक्षा कमीच लागेल" असा अंदाज बांधला, तिच्या हातून असं होणार नाही. बाटली टांगायच्या आधीच तिला ते खटकेल.

आता तुझं थेंबांचं गणित. बाटलीतून एका तासात किती मिली जायचे हे आधी काढ: ५०० भागिले ६, म्हणजे ८३ च्या आसपास. मग सेटचं, म्हणजे सलाइनच्या नळीचं, पाकीट बघ. आपल्याकडे नेहमीच्या सेटवर २० थेंब म्हणजे १ मिली असं छापलेलं असतं, मायक्रोड्रिप सेटवर ६०. वीसच्या सेटला ताशी मिलीला ३ ने भागायचं, झाले मिनिटाचे थेंब. साठच्या सेटला भागायलाच नको, ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. सेट १५ चा असेल तर ४ ने भाग. हे असं का होतं ते एकदा स्वतः करून बघ, म्हणजे पाठ करावं लागणार नाही: तासाची ६० मिनिटं, त्यांना सेटच्या आकड्याने भागलं की ३, १ आणि ४ मिळतात. ८३ ला ३ ने भागलं की २८ थेंब.

पण बाय, २८ हा आकडा सांगता आला म्हणजे सलाइन २८ थेंबांनी चाललं असं होत नाही. वॉर्डात तोंडातून शब्द फुटला नाही याचं एक कारण मला हे वाटतं, की तू हे गणित वहीत खूपदा केलंस आणि हाताने फार कमी वेळा. अठ्ठावीस थेंब म्हणजे १५ सेकंदांत ७. घड्याळ ड्रिप चेंबरच्या, म्हणजे थेंब पडताना दिसतात त्या कुपीच्या, बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर धरायचं, म्हणजे नजर वरखाली करावी लागत नाही. चेंबर साधारण अर्धा भरलेला हवा. काठोकाठ भरला तर थेंब दिसतच नाहीत. नळीवरचा रोलर, म्हणजे वेग कमीजास्त करायचं चाक, अगदी थोडा थोडा फिरवायचा आणि ७ जमले की पूर्ण मिनिट मोजून खात्री करायची. मग पेशंटला हात सरळ करायला सांग, कोपर वाकवायला सांग, कूस बदलायला सांग आणि पुन्हा मोज. थेंब बदललेले दिसतील. म्हणून पंधरा मिनिटांनी परत यायचं, मग तासाने. बाटलीवर पट्टी चिकटवून तिच्यावर तासाच्या खुणा करायच्या: दहाला सुरू केलं तर अकराला ८३ मिली उतरलेलं दिसलं पाहिजे, बाराला १६६. सलाइन मागे पडलं असेल तर वेग वाढवून भरपाई करायची नाही. आधी सुई, नळी, हाताची सूज बघायची, मग स्टाफना विचारायचं. स्किल लॅबमध्ये रिकामी बाटली आणि सेट मागून घे आणि बादलीत थेंब सोडून सराव कर. मैत्रिणीला आकडा सांगायला सांग, तू फक्त रोलर लाव. चार दिवसांत २८, ३३, ४२ थेंबांची लय तुझ्या कानांत बसेल. मग कुणी मोठ्या आवाजात विचारलं तरी ती पुसली जाणार नाही.

वजनावरचं इन्फ्युजन लांबलचक सूत्राने करायचंच नाही. ते पायऱ्यांनी कर आणि प्रत्येक ओळीत आकड्यासोबत एकक लिही. या पेशंटला मिनिटाला किती? ५ गुणिले ६०, म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम. तासाला किती? १८,००० मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम किती? १८. एका मिलीत ४ मिग्रॅ, तर १८ साठी किती मिली? साडेचार. यानंतर उलट्या दिशेने यायचं, आणि ही पायरी कधीही गाळू नकोस. पंपावर ४.५ लावलं तर तासाला ४.५ गुणिले ४, म्हणजे १८ मिग्रॅ जातील. मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम. ६० किलोने भागले की ५. जिथून निघालो तिथेच पोचलो. उलट्या वाटेने येताना तू वेगळे भागाकार करतेस, त्यामुळे जाताना झालेली चूक पुन्हा तशीच होण्याचा संभव कमी असतो. चाचणीतही तुझं उत्तर असं उलटं तपासलं असतंस, तर किलोमागे ५ ऐवजी ५,००० आलेले दिसले असते.

चाचणीत फारसं न येणारं, पण वॉर्डात रोज लागणारं असं काही आता सांगते. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अँप्यूल १५ टक्क्यांची असते: मिलीत १५० मिग्रॅ, म्हणजे २ एमईक्यू (मिलीइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं एकक), अख्ख्या अँप्यूलमध्ये २०. हे औषध सिरिंजने थेट शिरेत कधीही द्यायचं नाही. हृदय बंद पडतं. ते नेहमी पातळ करून, मोजून, सावकाश द्यायचं. साध्या वॉर्डात हाताच्या शिरेतून ताशी १० एमईक्यूच्या वर सहसा जात नाहीत. ५०० मिली सलाइनमध्ये एक अँप्यूल घातली तर ताशी १० एमईक्यू म्हणजे २५० मिली, वीसच्या सेटवर ८३ थेंब. ही वरची मर्यादा झाली, रोजची ऑर्डर बहुधा याहून सावकाशच असते. गणित इथे संपलं तरी काम उरतंच. पेल्यात कोकमाचं आगळ ओतून ढवळलं नाही तर ते तळाशी बसतं आणि पहिला घोट नुसत्या पाण्याचा लागतो. पोटॅशियमही सलाइनपेक्षा जड असतं, म्हणून तेही तळाशी उतरतं. पण टांगलेल्या बाटलीची नळी तळालाच असते. त्यामुळे पहिल्या काही मिलींतच बहुतेक सगळं पोटॅशियम पेशंटच्या शिरेत जाऊ शकतं. म्हणून चालू असलेल्या, टांगलेल्या बाटलीत ते घालायचं नाही. बाटली खाली घ्यायची, औषध घालायचं, चांगली उलटी-सुलटी करायची, लेबल लावायचं आणि मगच टांगायची.

इन्शुलिनचंही असंच आहे. आपल्याकडे मिलीला ४० यूनिटच्या व्हायल अजून सर्रास मिळतात आणि १०० यूनिटच्याही. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. दोन्ही बारीक, दोन्ही १ मिलीच्या. घाईत ट्रेमधून कुठली उचलली ते कळत नाही. ६ यूनिट द्यायचे आहेत, व्हायल ४० ची आणि सिरिंज १०० ची: ६ च्या खुणेपर्यंत ०.०६ मिली आलं, म्हणजे जेमतेम २.४ यूनिट. उलटं झालं, व्हायल १०० ची आणि सिरिंज ४० ची, तर ०.१५ मिली आलं आणि ६ च्या जागी १५ यूनिट गेले. दुपारपर्यंत पेशंट घामाघूम होऊन बेशुद्ध. इथे गणित करायची वेळच येऊ द्यायची नाही: व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे मोठ्याने वाचायचं. आयसीयूत ५० मिलीत ५० यूनिट भरायला सांगतील, तेव्हा ४० च्या व्हायलमधून सव्वा मिली लागतं, १०० च्या व्हायलमधून अर्धा मिली.

प्रसूती विभागात पोस्टिंग लागेल तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट भेटेल. झटके आलेल्या किंवा येण्याच्या बेतात असलेल्या बाईला पहिला डोस शिरेतून ४ ग्रॅम, २० टक्क्यांचा करून देतात. अँप्यूल ५० टक्क्यांची, २ मिलीत १ ग्रॅम. चार अँप्यूल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली सलाइन, एकूण २० मिली. पडताळून बघ: २० मिलीत ४,००० मिग्रॅ, मिलीत २००, म्हणजे २० टक्के. किती मिनिटांत द्यायचा ते तिथल्या प्रोटोकॉलप्रमाणे, पण घाईने कधीच नाही. पुढच्या प्रत्येक डोसाआधी गुडघ्याखाली हलकं ठोकलं की पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, लघवी तासाला ३० मिली तरी होते आहे का, हे बघायचं आणि कॅल्शियम ग्लुकोनेट, म्हणजे मॅग्नेशियमवरचा उतारा, हाताशी ठेवायचं. आकडा अचूक असला तरी यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर पुढचा डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं.

लिहिण्याबद्दल थोडं. अर्धा लिहायचा तर आधी शून्य आणि मग टिंब: ०.५. पाच लिहायचे तर नुसते ५, पुढे टिंब-शून्य नाही. टिंब पुसट झालं की त्याचे ५० होतात. यूनिट हा शब्द पूर्ण लिही, कारण इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि ४ यूनिटचे ४० होतात. ऑर्डर वाचता आली नाही तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरांकडून ती पुन्हा लिहून घ्यायची. फोनवर सांगितलेली ऑर्डर मोठ्याने परत म्हणून दाखवायची. हा तुझा हक्क आहे, उद्धटपणा नाही.

मैत्रिणींच्या प्रश्नाकडे येते. अ‍ॅप वाईट नाही, पंपही नाही. पण वजन, औषध किती आणि किती मिलीत, हे तिन्ही आकडे त्याला तूच देणार. तू चुकीचं दिलंस तर ते चुकीचंच उत्तर देईल, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. आणि पंप सगळीकडे नसतो. काणकोणहून किंवा वाळपईहून पेशंट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवायचा असतो, पावसाळ्याची रात्र, वीज गेलेली, १०८ दारात उभी. तेव्हा सिस्टरच्या हाती असतो तो एक रोलर आणि एक घड्याळ. अ‍ॅप वापरायचंच असेल तर आधी स्वतः उत्तर काढ आणि नंतर त्याच्याशी ताडून बघ.

मराठी शाळेबद्दल तू जरा संकोचाने लिहिलं आहेस असं वाटलं. संकोच कसला? पाढे ज्या भाषेत पाठ झाले त्याच भाषेत मनात आकडे फिरव. गोव्यातल्या आपल्या कित्येक सिस्टर्स मनात मराठीत गुणतात, केस शीटवर इंग्रजीत लिहितात आणि पेशंटशी कोंकणीत बोलतात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे तुझ्या अंगात मुरलेलं आहे. सव्वा मिली म्हटलं की तुला सिरिंजवरची खूण लगेच दिसते. त्याचा उपयोग करून घे.

त्या स्टाफ जे बोलल्या ते बोलायला नको होतं, नातेवाइकांसमोर तर मुळीच नाही. त्यामुळे पेशंटच्या माणसांचा विश्वास उडतो आणि शिकणारी मुलगी पुढच्या वेळी शंका विचारायची बंद होते. न विचारणारी मुलगी वॉर्डात जास्त धोकादायक असते. हे आधी तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना शांतपणे सांग, तक्रारीच्या सुरात नको: "मॅडम, त्या दिवशी मी गडबडले, मला थेंब लावायचा सराव तुमच्यासमोर करायचा आहे." मग वॉर्डात त्याच स्टाफकडे जा. हेपॅरिन, इन्शुलिन, पोटॅशियम, डोपामीनसारखी औषधं दोघींनी तपासायची असतात, आणि दोघींनी स्वतंत्रपणे. तू तुझी वही त्यांच्यापुढे धरलीस तर त्या तुझ्याच वाटेने जातील आणि तुझीच चूक त्यांनाही बरोबर वाटेल. म्हणून म्हण, "सिस्टर, ऑर्डर ही आहे, व्हायल ही आहे. तुम्ही तुमचं काढा, मी माझं काढलंय." दोन्ही आकडे जुळले तर पुढे, नाही जुळले तर दोघींनी परत लेबलापासून. असं विचारणाऱ्या मुलीकडे कडक सिस्टरही वेगळ्या नजरेने बघू लागतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आणि विद्यार्थिनी असताना यांतलं कुठलंही औषध एकटीने द्यायचं नाही, कुणी कितीही घाईत सांगितलं तरी.

क्षेत्र सोडायचं की नाही, हे एका चाचणीवरून आणि एका बोलण्यावरून ठरवू नकोस. घरी मात्र आजच बोल. आईला नापास झाल्याचं परस्पर कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं, आणि हे ओझं एकटीने उचलून अभ्यासही होत नाही. पुढच्या चाचणीपर्यंत ड्युटीवरून येताना रोज तीन लेबलं वहीत उतरवून आण आणि प्रत्येकासमोर लिही, एका मिलीत किती. वेळ उरला तरच मोठी गणितं.

एक गणित आता देते, ते सोडवून कळव. व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम, २०० मिली सलाइनमध्ये. मिनिटाला १० मिग्रॅच्या वर जायचं नाही, कारण वेग वाढला तर चेहरा आणि मान लाल होते, खाज सुटते, रक्तदाब उतरतो. सेट वीसचा. एका मिलीत किती, कमीत कमी किती मिनिटं आणि मिनिटाला जास्तीत जास्त किती थेंब? ५ मिग्रॅ, १०० मिनिटं आणि ४० थेंब आले, की १५ सेकंदांत १० थेंब रोलरवर लावून बघ.

तुझी,
सिस्टरताई